स्टँडर्डमध्ये बाप नसतो

बाबांचे ओठ सुजलेत हे आधी आईला दिसलं. "अहो, हे तोंडाला काय झालंय?" असं तिनं विचारलं, तर बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "काही नाही." आमच्या बाबांचं सगळ्या प्रश्नांवरचं हे एकच उत्तर. ताप असला तरी काही नाही, गुडघा धरला तरी काही नाही. आईनं पेपर ओढून घेतला आणि मला अशी हाक मारली की मी चालू मीटिंग तशीच टाकून धावत आले. ओठ सोडाच, पापण्यासुद्धा फुगायला लागल्या होत्या. मी गाडी काढली.

लखनौच्या अलीगंजमधल्या आमच्या घरापासून हॉस्पिटल जवळ आहे. तिथूनच बाबा सकाळी लघवीच्या जळजळीवर औषध घेऊन आले होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "थोड़ी देर और करतीं तो गला बंद हो जाता." नवरा हवाई दलात, त्याची पोस्टिंग तेव्हा आसामला. भाऊ-बहीण कोणी नाही. मी भिंतीला टेकले, दोन श्वास घेतले आणि बाहेर येऊन आईला सांगितलं की सगळं ठीक आहे. तिचा काडीचाही विश्वास बसला नाही.

बाबांना सल्फाची औषधं चालत नाहीत. हे आम्हाला माहीत, आणि त्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्येही कित्येक वर्षांपासून नोंदलेलं. औषधांच्या खिडकीवर चिठ्ठी दिली की माणसाला जे चालत नाही त्याची लाल पट्टी पडद्यावर येते. त्या सकाळी आली नाही. गोळी सल्फाचीच, पण नाव वेगळं असल्यामुळे बाबांनाही ती ओळखू आली नाही. खिडकीवरचा माणूस मला म्हणाला, "मैडम, स्क्रीन पर कुछ आया ही नहीं. कुछ नहीं आया, मतलब ठीक है."

लखनौमध्ये माणसं कचाकचा भांडतानाही 'आप' सोडत नाहीत. मी त्या दिवशी थेट 'तुम'वर आले. काय काय बोलले ते आता आठवतही नाही, पण अख्खी रांग माझ्याकडे बघत होती आणि शेवटी एका म्हाताऱ्या चाचांनी मला पाणी देऊन बाकावर बसवलं. त्या खिडकीवरच्या माणसाचा काय दोष होता? पण राग डोळे मिटूनच येतो.

बाबांचा श्वास सरळ झाल्यावर मी त्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात गेले. मी स्वतः हेच काम करते. गोमती नगरमधल्या एका लहानशा कंपनीसाठी शाळांचं सॉफ्टवेअर लिहिते, घरूनच. तिथला इंजिनियर सरळ माणूस होता. त्याने काही लपवलं नाही, खुर्ची ओढून मला पडदाच दाखवला.

झालं होतं असं. ही सॉफ्टवेअरं आता हॉस्पिटलच्या तळघरातल्या कपाटात नसतात, क्लाउडवर असतात. तिथे एकाच प्रोग्रामच्या अनेक प्रती चालू असतात. एक बंद पडली की दुसरी उभी राहते. कोणाकडे काम पाठवायचं हे ठरवणारा एक पहारेकरी असतो, तोही प्रोग्रामच. तो प्रत्येकाला सारखा विचारत राहतो, 'तयार आहेस का?' ॲलर्जीची यादी सांभाळणारी प्रत त्या सकाळी नुकतीच नव्याने उभी राहिली होती. यादी अजून तिच्याकडे यायची होती. पहारेकऱ्याने विचारलं, आणि या प्रश्नाचं उत्तर प्रोग्राममध्ये कोणी लिहिलेलंच नव्हतं. मग उत्तर गेलं, 'तयार'. बाबांचं नाव विचारलं गेलं, रिकाम्या यादीत ते नव्हतंच, आणि पडदा स्वच्छ दिसला.

"पण उत्तर लिहिलं नव्हतं तर 'तयार' गेलं कुठून?" मी विचारलं. विचारता विचारताच मला कळलं होतं. ते स्टँडर्डमध्येच आहे. मोठ्या कामांचे प्रोग्राम कोणत्याही कंपनीच्या क्लाउडवर सारखेच चालावेत म्हणून जगभरातल्या लोकांनी मिळून नियम लिहिलेत. उघड्यावर, फुकट, कोणीही वाचावं, कोणीही सुधारावं. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. त्यात एक वाक्य होतं: प्रोग्रामने उत्तर दिलं नाही, तर तो तयार आहे असं धरावं. त्या वाक्यावर मीही वर्षानुवर्षं विसंबून होते. आजवर कुणाला ते खटकलं नव्हतं.

ते वाक्य मला बदलायचं होतं. दुसरं काही सुचत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. हॉस्पिटलवर तक्रार करून एक खिडकी सुधारली असती. वाक्य बदललं तर सगळ्या खिडक्या सुधारतील, एवढं साधं गणित माझ्या डोक्यात होतं.

बाबा घरी आले आणि मी लिहायला बसले. या कामात सगळं लिहूनच होतं. तुम्ही तुमची सूचना सगळ्यांसमोर मांडायची, लोक खाली आपलं मत लिहितात, आणि ठरलेल्या मुदतीत कोणी हरकत घेतली नाही तर ती मान्य, घेतली तर मीटिंग आणि मतदान. मी जे लिहिलं ते सूचना कमी आणि शिव्याशाप जास्त असं होतं. माझे वडील, त्यांचा सुजलेला चेहरा, बंद होत आलेला गळा, आणि तुमचं हे एक आळशी वाक्य. लिहिताना मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं.

पाठवायच्या आधी बाबांनी वाचायला मागितलं. बाबांनी सगळी नोकरी मानक नगरला, रेल्वेच्या संशोधन संस्थेत काढली. ब्रेकच्या सुट्या भागांची स्टँडर्ड लिहिणं हे त्यांचं काम. मी त्याच कॉलनीत वाढले. घरी साताऱ्याची मराठी आणि अंगणात हिंदी. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा दिवसभर 'हे इतकं जाड असलंच पाहिजे' असं लिहितात. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे माझं काढ."

"काय काढू?"

"माझं तोंड सुजलं, गळा बंद झाला, ते सगळं. स्टँडर्डमध्ये बाप नसतो."

माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "बाबा, तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं!"

"म्हणूनच काढ," ते म्हणाले. "आज तू तुझ्या बापासाठी नियम मागशील. उद्या दुसरा कोणी त्याच्या बापासाठी उलटा मागेल. मग काय, ज्याचा बाप जास्त आजारी त्याचा नियम? मुद्दा खरा असेल तर माझ्याशिवाय उभा राहील. नसेल, तर मी मेलो असतो तरी तो खोटाच."

"अहो, शुभ बोला की जरा!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

मी दिवसभर बाबांशी बोलले नाही. मला खरंच लागलं होतं. त्यांच्या जिवावर बेतलं आणि त्यांनाच त्याचं काही नाही, हे कसलं बाणेदारपण? रात्रीच्या जेवणाला मी ताट घेऊन माझ्या खोलीत गेले, या वयात. पण सकाळी उठून ते सगळं खोडलं. खोडल्यावर पानावर काय उरलं तर दोन ओळी, आणि त्या दोन ओळींत मुद्दा नव्हता, नुसता संताप होता. बाबांचं बरोबर होतं, हे मला तेव्हा अजिबात आवडलं नाही.

चहाचे कप घेऊन मीच त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "मग सांगा, कसं लिहू?"

बाबांनी उलट मलाच विचारलं. "सिग्नलचा दिवा विझलाय. लाल नाही, हिरवा नाही, काहीच नाही. ड्रायव्हर काय करतो?"

"थांबतो."

"का? सिग्नलनं थांब म्हटलंय का?"

"नाही. पण जा असंही म्हटलेलं नाही."

"झालं तर मग. ब्रेकच्या पाइपचंही तसंच. पाइप फुटला, हवा गेली, की ब्रेक आपोआप लागतो, सुटत नाही. बिघाड झाला तर गाडी उभी राहावी, पळू नये. हे कोणा एकाचा बाप दगावला म्हणून नाही ठरवलेलं. आणि हे बघ, 'असावं' असं लिहू नकोस. 'असावं' म्हटलं की कोणी करत नाही. 'असलंच पाहिजे' लिही."

मग मी लिहिलं. प्रोग्रामने उत्तर दिलं नाही, तर तो तयार नाही असंच धरलं पाहिजे. आणि का, ते खाली साध्या शब्दांत, कोणाचंही नाव न घेता.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ते काय ते मला त्यानंतर कळलं. या लोकांत नुसतं बोलून काही मिळत नाही. नियम बदलायचा तर तीन गोष्टी आणाव्या लागतात: नव्या नियमाचे शब्द, तो पाळला जातोय का हे तपासणारी टेस्ट, आणि तो नियम पाळून चालणारं एक तरी खरं सॉफ्टवेअर. शब्द मी आणले होते. टेस्ट लिहिली, ती परत आली. दुरुस्त केली, पुन्हा परत आली. कोणी म्हणे नाव चुकलंय, कोणी म्हणे हेच दुसरीकडे तपासलेलं आहे. हे नियम सांभाळणाऱ्या गटाची प्रमुख ब्राझीलची एक बाई होती. तिचा शब्द गोड, पण सुई इकडची तिकडे होऊ द्यायची नाही. मी दर वेळी दात-ओठ खात दुरुस्ती करायची आणि आई म्हणायची, "एवढं चिडून लिहितेस, ते कॉम्प्युटरला कळत असेल हं."

शेवटी टेस्ट मान्य झाली, आणि आपली म्हणून मी ती आधी आमच्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालवली. नापास! आमच्या शाळांच्या सॉफ्टवेअरमध्येही ते उत्तर कोणी लिहिलं नव्हतं. माझे बॉस कपाळाला हात लावून म्हणाले, "आप तो अपनी ही नाव में छेद कर रही हैं." नियम आला की 'स्टँडर्डप्रमाणे' हा आमचा शिक्का जाणार, निदान दुरुस्ती होईपर्यंत. नव्या शाळांशी बोलणी चालू होती, त्यांना हा शिक्का हवा होता. बॉस वाईट माणूस नाही. ते एवढंच म्हणाले की हे मीटिंगमध्ये आपण होऊन सांगू नका. आपला तो बाब्या, दुसरं काय.

निर्णायक मीटिंग डिसेंबरात होती. युरोपातली दुपार म्हणजे आमची संध्याकाळ, कुकरच्या शिट्ट्यांची वेळ. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावला होता. समोर, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे, बाबा कानटोपी घालून मटार सोलत बसले होते. त्यांना त्या परदेशी इंग्रजीतलं किती कळत होतं देव जाणे, पण उठायला तयार नव्हते.

विरोध एकाच माणसाचा होता. एका मोठ्या कंपनीतला जर्मन इंजिनियर. पांढरी दाढी, अत्यंत सभ्य. त्याचा मुद्दा फालतू नव्हता. तो म्हणाला, जुने असंख्य प्रोग्राम या वाक्याच्या भरवशावर चालू आहेत. वाक्य उलटलं तर नवी आवृत्ती येईल त्या दिवशी ते सगळे 'तयार नाही' म्हणून बसतील, आणि लोक आपल्याला शिव्या घालतील. शिवाय इतक्या वर्षांत कोणी हरकत घेतलेली नाही.

"कोणी बोललं नाही म्हणजे ठीक आहे असं नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे दिवा विझलेला सिग्नल लाल धरतात." आणि जुन्यांसाठी तोड सांगितली: ज्यांना जुनंच हवं त्यांनी तसं स्वतःच्या हाताने एका ओळीत लिहावं, की उत्तर नसलं तरी मला तयार समजा. लिहिणाऱ्याला निदान कळेल तरी आपण काय लिहितोय.

त्याने अगदी शांतपणे विचारलं, "यामुळे कधी कोणाला खरंच इजा झाली आहे का?"

माझ्या जिभेवर आलं होतं. सगळं होतं जिभेवर: ओठ, पापण्या, डॉक्टरांचं ते वाक्य. ते सांगितलं असतं तर कोणाची छाती होती नाही म्हणायची! मी बाबांकडे बघितलं. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"झाली आहे," मी म्हटलं. "पण तेवढ्यावर मी नियम मागत नाहीये. माझी टेस्ट तुमच्या सॉफ्टवेअरवर चालवून बघा आणि जे दिसेल त्यावर ठरवा."

"तुमच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरवर चालवलीत?" त्याने विचारलं.

बॉसचे शब्द आठवले. शिक्का आठवला. पण इथे गप्प बसायचं, आणि गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे म्हणून जगाशी भांडायचं, हे मला नाही जमणार. "चालवली," मी म्हटलं. "आम्ही नापास झालो."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, ती ब्राझीलपर्यंत गेली असणार. मग तो जर्मन दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "मीही काल चालवली. आम्हीही नापास झालो. मी ते सांगणार नव्हतो." आणि पुढे म्हणाला की दुरुस्ती करून नियम पाळणारं पहिलं सॉफ्टवेअर त्याची टीम आणेल. मला आधी वाटलं ऐकण्यात काहीतरी चुकलं. ब्राझीलची बाई हसत होती, म्हणजे चुकलं नव्हतं.

मतदान झालं, नियम आला. बाबा "बरं झालं" म्हणाले आणि मटार आत घेऊन गेले. एवढंच! मी तर उड्या मारायचीच बाकी होते. बॉसनी काही दिवस तोंड फुगवलं, पण दुरुस्ती मी शनिवार-रविवार बसून करून दिली आणि बोलणी चाललेल्या शाळांतली एक आमच्याकडे आली. दुसरी गेली, ते मात्र खरं.

नवी आवृत्ती फिरत फिरत त्या हॉस्पिटलपर्यंत यायला वर्ष लोटलं. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला मी त्यांना घेऊन सकाळीच गेले होते. खिडकीवर तोच माणूस, मागे ही लांब रांग. त्याने बाबांचा नंबर टाकला आणि पडद्यावर पिवळी पट्टी आली, 'मरीज की जानकारी अभी तैयार नहीं है, कृपया प्रतीक्षा करें.' मी ती पट्टी दोनदा वाचली. तीच वेळ, तशीच नुकती उभी राहिलेली प्रत, यादी अजून यायची. फक्त या वेळी ती तसं सांगत होती. गोळ्या काढायला निघालेला खिडकीवरच्या माणसाचा हात परत आला.

मागून कुरकुर सुरू झाली. गेल्या वर्षी असं नव्हतं, पटकन व्हायचं. नवीन सिस्टीम एकदम बेकार. बाबांच्या अगदी मागे स्वेटर घातलेले एक गृहस्थ होते, त्यांना ऑफिसला उशीर होत असावा. ते मोठ्याने म्हणाले, "पता नहीं किस बेवक़ूफ़ ने बनाया है!"

मी वळणारच होते. तोंडही उघडलं होतं. बाबांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता नेहमीचं 'काही नाही' येणार. ते सावकाश मागे वळले, कानटोपी नीट केली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हमारी बेटी ने बनाया है. दो मिनट रुक जाइए."